धोंड्याचं वाण

असे जरा पुढं सरका, माऊली. मागच्यांनीही या, जागा होते. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही, हिच्यात कुणी आवाज चढवतच नाही. आरमोरीच्या एका माणसाचा एक दिवस तुमच्यापुढं ठेवतो. घडलं म्हणाल तर त्या दिवसात काहीच नाही... पण बसा, ऐका.

टाळ एकच होता.

खिडकीच्या फळीवर पालथा पडलेला, लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढा. पाठीवरच्या भोकातून लाल दोरी बाहेर आलेली आणि दोरीचं दुसरं टोक मोकळं. तुटलेलं नव्हे, सोडवलेलं, नखांनी नि दातांनी गाठ उकलून काढलेलं, कारण टोक अजून चावल्यासारखं चपटं होतं... गुणवंतरावांनी तो उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि सवयीनं दुसऱ्या हाताकडं पाहिलं. दुसऱ्या हातात काही नव्हतं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत घेतलेली ही जोडी, नातवासाठी. घेताना कितीतरी जोड्या कानाशी वाजवून पाहिल्या होत्या. सारा जन्म कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून टाळ धरलेल्या माणसाला वाटेल ती जोडी कशी चालावी? दुकानदार कंटाळून म्हणाला होता, अहो, पोराचं खेळणंच ना? आणि ते म्हणाले होते, खेळणं नाई बापा, हात बसते यानं.

पलंगाखाली पाहिलं, धानाच्या कोठीमागं पाहिलं, न्हाणीत पाहिलं. मग अंगणात आले. निहार पायरीवर बसून चिखलाच्या भाकरी थापत होता.

"निहारबापू, याचा जोडीदार कुठी गेला गा?"

"पप्पाले देल्ला," निहार वर न बघता म्हणाला.

"काऊन?"

"एक त्याच्याकडं, एक माह्याकडं." आणि भाकर उलटून टाकत, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं, "वाजवाचा असला का येईल ना तो."

गुणवंतरावांनी टाळ सदऱ्याच्या खिशात ठेवला. खिशाला त्याचं वजन लागलं, एवढंसं वजन, पण दिवसभर ते एका बाजूला ओढत राहिलं.

पाच वर्षांचा हा पोरगा दीड वर्षापूर्वी अमेरिकेतून आला तेव्हा त्याच्या तोंडात आपला एक शब्द नव्हता. अंगणातली कोंबडी पाहून आईच्या मागं लपायचा. लेक मयुरी चुलतभावाच्या लग्नासाठी म्हणून आली होती. लग्न झालं, मांडव निघाला, पाहुणे गेले, आणि परतीच्या विमानाचा दिवस आला तेव्हा ती न्हाऊन, केस मोकळे सोडून चुलीपाशी बसली आणि म्हणाली, मी जात नाई, माय. बस, एवढंच. तिच्या आईनं, भागीरथाबाईंनी, तिच्या पाठीवर हात ठेवला. गुणवंतरावांनी वासराला पाणी पाजलं. पोरगी माहेरी आली, राहिली. दुखलं-खुपलं की लेकी येतात, मुलांना घेऊन येतात, दुसरीकडं जातील कुठं? या घरात आत्या अशीच आली होती, मोठी बहीण अशीच येऊन वर्षभर राहिली होती. याला दुसरं काही नाव असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

नाव रईसभाईंनी सांगितलं. रईसभाई मूळचे चंद्रपूरचे, नागपूरच्या हायकोर्टात वकिली करतात, माणूस मऊ, पण कायद्याची गोष्ट आली की गुळात घोळवत नाहीत. "भाऊ, तिकडच्या कायद्यात याले पोरगा पळवून नेनं म्हंतेत."

"पळवून? त्याच्या मायनं?"

"मायनं नेलं तरी. बापानं नेलं तरी."

त्या दिवशी रईसभाईंनी एकेक रस्ता समजावून सांगितला होता. तिकडच्या कोर्टानं मयुरीच्या माघारी हुकूम दिला आहे की ताबा बापाचा, मूल परत आणा. हेग नावाच्या शहरात देशादेशांनी मिळून एक करार केला आहे, की असं नेलेलं मूल आधी परत धाडायचं आणि भांडण मग त्याच्या घरच्या कोर्टात भांडायचं. त्या करारावर आपल्या देशाची सही नाही, म्हणून तो हुकूम इथं आपोआप चालत नाही. पण सही नाही म्हणून तो कागद रद्दीही नाही; इथले जज त्याला मान देतील, नाहीही देतील, पोराचं भलं कशात ते बघतील. जावयानं हेबियस कॉर्पस टाकलं आहे. म्हणजे कुणी माणूस डांबून ठेवला असेल तर त्याला कोर्टापुढं उभं करा, असा अर्ज. (डांबून... तेव्हा निहार बाहेर कोंबडीच्या पिलांमागं धावत होता, चड्डी घसरलेली, आणि खिदळण्याचा आवाज आत येत होता.) कोर्ट एक तर सरळ परत पाठवेल, नाहीतर सांगेल की सावकाश चौकशी करा, गडचिरोलीच्या कोर्टात पालकत्वाचा दावा चालवा, मग त्यात पोरगा मिशा फुटेपर्यंत मोठा होईल. आणि मयुरी स्वतः तिकडं जाऊन लढली तर? रईसभाईंनी चष्मा काढून पुसला. "तिकडं तिच्या नावानं वारंट हाय, भाऊ. उतरल्याबरोबर धरतीन का नाई, मले सांगता येत नाई. पोरगा तिकडचा नागरिक, ती नाई." गुणवंतरावांना वाटलं होतं, हे सगळे रस्ते बांधावरून जाणाऱ्या पायवाटेसारखे आहेत. कुठूनही निघा, शेताला वळसा घालून पुन्हा त्याच आंब्याखाली.

सगळं उद्यावर होतं. उद्या मुलाला कोर्टात हजर करायचं होतं. मयुरी आतल्या खोलीत पिशवी भरत होती: निहारचे दोन शर्ट, बिस्किटं, पाण्याची बाटली, आणि शर्ट किती ठेवावेत यावरच ती सकाळपासून अडली होती. जाऊन यायचं तर एक पुरे. परत यायचं नसेल तर... तिनं दोन ठेवले होते, मग काढले, मग ठेवले.

आणि आज सकाळीच रईसभाईंचा फोन आला होता.

"भाऊ, फोटो लावला त्याहीनं कोर्टात."

"कोनता फोटो?"

"तुमी जवाई पाटावर बसवला, तो. पाय धुतानाचा." आणि मग हसले, पण ते हसणं हसण्यासारखं नव्हतं. "काय केलं हो तुमी भाऊ... पायासंगं केसबी धुवून टाकली."

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, आणि फोटो त्याच महिन्यातला. धोंड्याचा महिना. तुम्हाला सांगायला नको, माऊली. तीन वर्षांनी येणारा हा महिना देवाचा, आणि या महिन्यात जावई म्हणजे देवच. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा ठेवायचा. आणि नेमक्या याच महिन्यात कोर्टानं सांगितलं की बापाला मुलाला भेटू द्या, आजोळीच, रविवारी, दोन तास, कोर्टानं नेमलेल्या बाईंच्या समोर. जावई पियुष मोठ्या भावाला घेऊन नागपूरहून भाड्याच्या गाडीतून आला. भागीरथाबाई शनिवारपासून अनारसे तळत होत्या. देवळात द्यायचे, म्हणाल्या होत्या. कुणी विचारलंही नव्हतं.

आणि तो फाटकातून आत आला. वाळला होता. लग्नात सोन्यासारखा दिसलेला पोरगा, डोळ्यांखाली काळं, हातात प्लास्टिकची मोटार. अंगणाच्या मध्यावर येऊन थांबला, पुढं यावं की नाही हे न कळून... आणि भागीरथाबाईंनी पाट आणून ठेवला. तांब्या ठेवला. परात ठेवली. एक शब्द न बोलता. परात ठेवली आहे म्हणजे आता काय करायचं हे गुणवंतरावांच्या गुडघ्यांना त्यांच्या आधी कळलं. ते खाली बसले. पियुष म्हणाला, "मामाजी, राहू द्या." तरी बसला. बूट काढले, मोजे काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. एवढ्या लांबच्या देशात, एवढ्या मोठ्या नोकरीत, मोज्याला भोक. घरात बाई नसलेल्या माणसाचा मोजा.

मग निहार धावत आला आणि म्हणाला, "आबा, मी टाकतो पानी," आणि तांब्या दोन्ही हातांनी उचलून त्यानं बापाच्या पायांवर नि आजाच्या हातांवर सारखंच पाणी सांडलं. तिघंही भिजले. तिघंही हसले. तेव्हाच पियुषच्या भावानं फोटो काढला असेल. तो वाईट मनानं काढला असं गुणवंतरावांना आजही म्हणवत नव्हतं. त्यांच्या हातात असता तर त्यांनीही काढला असता.

पण शपथपत्र? त्याच्यावरही सही त्यांचीच होती. *प्रतिवादी क्रमांक दोन.* जावयाच्या दहशतीखाली आमचं कुटुंब जगत आहे, तो येईल नि मुलाला उचलून नेईल या भीतीनं आम्ही दार लावून बसतो... रईसभाईंनी वाचून दाखवलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. खोटं होतं का ते? नव्हतं. रात्री फाटकाची कडी ते दोनदा बघत. मयुरीनं आईला सांगितलं होतं की बर्फ पडत असताना त्यानं तिला घरातल्या कपड्यांत दाराबाहेर काढून आतून कडी लावली होती आणि काचेच्या आत निहार उभा होता, हात काचेला लावून. हे ऐकल्यावर गुणवंतरावांनी कितीतरी दिवस जावयाचं नाव उच्चारलं नव्हतं. ते खरं. आणि पाणी? पाणीही खरंच होतं. उद्या जजसाहेब विचारतील, आजोबा, यांतलं खरं कोणतं, तर मी काय सांगू? साहेब, धोंड्याचा महिना होता, एवढंच? आणि ते तरी पुरतं खरं कुठं होतं... खाली वाकलो तेव्हा मला विष्णू दिसत नव्हता. मी भीक मागत होतो. बाबा रे, नेऊ नको. तोंडानं मागता येत नव्हतं ते हातानं मागत होतो. आणि भोक पडलेला मोजा पाहिल्यावर तेही मागवेना.

फोन ठेवल्यावर त्यांनी मयुरीला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती पिशवीशीच बसून होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी खोलीत होती, बाबा," ती म्हणाली. "मले दिसत नव्हतं. पन पान्याचा आवाज येऊन राह्यला होता."

ते उभे राहिले.

"तुमी हसलेबी होते."

"पोरगा हसला म्हनून, मयु."

"हो," ती म्हणाली, आणि शर्टाची घडी पुन्हा उकलून पुन्हा घातली. "तो हसला म्हनून मीबी आत हसली होती. मग मले माहाच राग आला."

भागीरथाबाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, परात मी ठेवली, बोल मला लावा. कुणी कुणाला बोल लावला नाही. तेच अवघड होतं. कुणातरी एकाचं चुकलं असतं तर घरात श्वास घ्यायला जागा झाली असती.

दुपारी ते शेतावर गेले. रोवणी चालू होती. बाया चिखलात वाकून ओळीनं रोप लावत मागं मागं सरत होत्या, आणि धुरपता, जुनी गडीण, जिभेची तिखट, त्यांना पाहून म्हणाली, "काय भाऊ, जवायाची खातरदारी करून आले, आता आमालेबी पाटावर बसवा." बाया हसल्या. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हसण्यात विष नव्हतं. धुरपतानं आणखी एक रोप चिखलात खोचलं आणि हळूच म्हणाली, "उद्या हाय ना?" त्यांनी मान हलवली. ती पुन्हा वाकली.

पऱ्ह्यातून, म्हणजे आधी दाट पेरलेल्या वाफ्यातून, रोप उपटताना मूठभर धरून ओढतात, मुळांची माती पाण्यात झटकतात, पेंडी बांधतात, दुसऱ्या बांधीत लावतात. रोप आधी पिवळं पडतं, मान टाकतं, मग धरतं. रईसभाई म्हणाले होते, पोरानं इथं मूळ धरलं हे दाखवता आलं पाहिजे. शाळेत जातो, इथली बोली बोलतो, इथल्या पोरांत खेळतो. हे त्यांना पटलं होतं, शेतकऱ्याला पटणारच. पण आज बांधावर उभं राहून, खिशाच्या ओढीकडं लक्ष जात असताना, त्यांच्या मनात आलं की लावलेल्या रोपाचंच तेवढं बघतो आपण. जिथून उपटलं त्या पऱ्ह्याकडं नंतर कोण बघतं? उघडा चिखल राहतो तिथं, पाणी साचलेलं... त्यांनी तो विचार झटकला. उद्या कोर्टात उभं राहायचं आहे, मयुरीच्या बाजूनं उभं राहायचं आहे. असले विचार बापाला परवडत नाहीत.

दिवेलागणीला देवळात कीर्तन होतं. जाऊ नये असं ठरवलं होतं; तरी पाय निघाले. निहार हात धरून. वाटेत त्यानं विचारलं, "उद्या कार का बस?" बस, ते म्हणाले. "खिडकी मले." तुलाच, ते म्हणाले.

वैरागडचे बुवा उभे होते. आख्यान अक्रूराचं. गुणवंतरावांनी शेजारच्या निहारकडं पाहिलं. आजच हे लावायचं होतं? पण बुवांना काय ठाऊक! ते रंगात आले होते. कंसाचा रथ घेऊन अक्रूर गोकुळात येतो. बुवा म्हणाले, अक्रूर वाईट नव्हता बरं का. हुकमाचा ताबेदार, हातात कागद घेऊन येणारा, आपल्या कोर्टाच्या बेलिफासारखा. लोक हसले. एक-दोघांनी गुणवंतरावांकडं पाहिलं नि हसू गिळलं. मग चाल बदलली, मृदंग संथ झाला, आणि गोपी रथाच्या चाकाला मिठ्या मारतात, यशोदा धुळीत बसते, तो भाग आला. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

इथं ते नेहमी रडत. दर वर्षी, न चुकता, याच जागी. टाळ न चुकवता रडण्याची त्यांची ख्याती होती. बुवाही कौतुकानं मागं वळून बघत. आज टाळकऱ्यांत उभं राहता आलं नव्हतं, कारण निहार मांडीवर डोकं ठेवून झोपून गेला होता, तोंड उघडं, पायांना वाळलेला चिखल. ते बसून ऐकत होते. यशोदा रडत होती आणि ते वाट बघत होते, आता येईल, आता डोळ्यांत येईल...

आलं नाही.

आला तो भलताच विचार. रथ निघाला, धूळ उडाली, सगळं गोकुळ रस्त्यावर पडलं, आणि त्याच वेळी तिकडं मथुरेत एक बाई दाराकडं डोळे लावून बसली होती. तिचंच होतं ते मूल. कुणी दुष्टानं नव्हे, जीव वाचवायलाच, नवऱ्यानंच टोपलीत घालून नदीपार नेलं होतं. नेलं ते बरोबरच केलं होतं. आणि तरीही ती इतकी वर्षं रिकाम्या हातांनी बसली होती. तो बोलायला केव्हा लागला, पहिलं काय बोलला, कुणाच्या बोलीत बोलला... तिला कोण सांगणार? एवढी कीर्तनं ऐकली, या देवकीसाठी मी एकदाही रडलो कसा नाही? मी नेहमी गोकुळातच बसलो. सगळे गोकुळातच बसतात. टाळ-मृदंग सगळा गोकुळात.

त्यांनी खिशातला टाळ काढला. मुठीत धरला. नागपुरात कुठल्याशा खोलीत आत्ता दुसरा असेल; पेटीत, उशाशी, की पियुषच्याही मुठीत... त्यानं तो कुणाला दाखवला नसेल. कोर्टात लावला नसेल. लावता आला असता. मुलाचं प्रेम बघा, साहेब, म्हणून लावता आला असता. आणि लावला असता तर रईसभाईंनी फोनवर तेही सांगितलं असतं. लावला नव्हता.

या कळण्यानं काही सोपं झालं नाही. मयुरीच्या पायांखाली बर्फ होताच. काचेवरचा हात होताच. उद्या विचारलं तर ते मयुरीच्याच बाजूनं बोलणार होते, पोरगा इथंच राहू द्या म्हणणार होते. तेच त्यांना हवं होतं, अजूनही, जीव तोडून हवं होतं. पण आरती सुरू झाली, सगळे उठले, त्यांनी झोपलेल्या निहारला खांद्यावर घेतलं, विठोबाकडं तोंड केलं आणि महिनाभर रोज मागत होते ते मागायला गेले... आणि शब्द पुढं आले नाहीत. पोराला माझ्याकडं ठेव, एवढंच तर म्हणायचं होतं. ओठ हलले आणि थांबले. कुणाकडून काढून माझ्याकडं, हे आता त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असताना ते म्हणता येत नव्हतं. काय मागावं? मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. खांद्यावर पोराचा श्वास गरम लागत होता. ते नुसते उभे राहिले, एका हातात पोर, एका हातात तो मुका टाळ, आणि आयुष्यात पहिल्यांदा आरतीला त्यांनी टाळ दिला नाही.

पुढं काय झालं ते मला विचारू नका, माऊली. कोर्टानं काय म्हटलं, बसची खिडकी कुणाला मिळाली, पिशवीतला दुसरा शर्ट लागला की नाही, ते सांगायला मी बसलेलो नाही. त्या संध्याकाळी त्या माणसाला देवापाशी काही मागता आलं नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी तुमच्यापाशी मागतो. यशोदेची आठवण तुम्हाला येईलच. तिच्यासाठी टाळ आहे, मृदंग आहे, आपण सगळे आहोत. पण पुढच्या वेळी गोकुळातून रथ निघेल आणि तुमचे डोळे भरतील, तेव्हा घडीभर त्या परक्या खोलीतल्या माणसालाही आठवा. चुकलेला आहे, त्याचं चुकणं मी झाकत नाही. पण त्याच्यापाशी एकच टाळ आहे, आणि तो कुणाला दाखवत नाही.

तेवढं आठवा. नाव नाही घेतलं तरी चालेल.